यादीतले नाव, घरातला हिशेब

किडन्या निकामी झाल्या आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशनला किती लागतील? खासगी रुग्णालयात साधारण सहा ते दहा लाख, असे उत्तर येते. यकृताचा आकडा वीस लाखांच्या पुढे जातो. मग सगळे घर त्या आकड्याच्या मागे लागते. कोणी ठेव मोडतो, कोणी गावाकडच्या जमिनीची गोष्ट काढतो, बहिणी हातातल्या पाटल्या काढून देतात. पैसे जमतात, पण अवयव मिळालेला नसतो. तो कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि जमवलेली रक्कम त्या मधल्या काळात डायलिसिसला, औषधांना, रिक्षाला, किराण्याला थोडी थोडी जात राहते. रुग्णालयातून फोन येतो तेव्हा खाते रिकामे झालेले असते.

प्रत्यारोपणाच्या वाटेवरचे घर थांबण्यानेच जास्त खचते. त्यामुळे नातेवाइकांनी मदतीचा विचारही तिथूनच सुरू करायला हवा.

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजासारख्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. निजामकाळातला घड्याळाचा मनोरा, त्याच्या भोवतीचा बाजार, पलीकडे सराफा आणि पुढे सिटी चौक. इथे हातगाडीवाले आहेत, कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहून गिऱ्हाईक करणारे नोकर आहेत, शिलाई करणारे आहेत, स्वतःचे छोटे दुकान चालवणारे आहेत. यातल्या बहुतेकांना पगाराची स्लिप नाही, आजारपणाची रजा नाही. दुकान बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. बँकेत वैयक्तिक कर्ज मागायला गेले तर उत्पन्नाचा पुरावा काय दाखवायचा, इथपासून अडते.

आणि डायलिसिस आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा करावाच लागतो. एका वेळेस चार तास यंत्राजवळ. जाणे-येणे, नंबर लागणे, नंतरचा थकवा धरला तर तो दिवस गेलाच. डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडून केलेल्या फिश्चुलामुळे त्या हाताने जड उचलता येत नाही, म्हणजे हमाली, गाडी ढकलणे, गठ्ठे उतरवणे ही कामे सुटतात. सोबत जाणाऱ्या बायकोचा किंवा मुलाचाही खाडा होतो. सरकारी योजनेतून डायलिसिस मोफत मिळत असला तरी रक्तवाढीची इंजेक्शने, वरची औषधे, तपासण्या आणि रिक्षाभाडे खिशातूनच जाते. एका माणसाच्या आजारात दोघांची मजुरी बुडते, आणि हा हिशेब रुग्णालयाच्या कुठल्याही बिलावर छापलेला नसतो.

अशा घरात पैसा उभा राहतो तो तीन ठिकाणांहून: भिशी, हातउसने आणि सोने. भिशी हा बाजारपेठेचा जुना आधार. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला पहिली भिशी उचलू द्यायची, हा समजूतदारपणा अनेक मंडळांत अजून आहे. पण उचललेल्या भिशीचे हप्ते पुढे भरावेच लागतात, आणि कमावता माणूसच आजारी असेल तर तेच हप्ते गळ्याशी येतात. ज्या नातेवाइकांना खरोखर मदत करायची आहे त्यांनी हे हप्ते आपल्याकडे घ्यावेत. एकदम पन्नास हजारांचे पाकीट हातात ठेवणे जमत नसेल, पण दरमहा दोन हजारांचा हप्ता वर्षभर भरणे पुष्कळांना जमते.

सोन्याचे तसेच. सराफ्यात मंगळसूत्र मोडीला येते तेव्हा सराफ आधी पोत सोडवतो, काळे मणी निवडून बाजूला ठेवतो, वाट्या पोकळ असतील तर आतली लाख तापवून काढतो, मग कस बघतो, वजन करतो आणि घट धरून भाव सांगतो. काळे मणी कागदाच्या पुडीत बांधून परत मिळतात. मोड नको म्हणून बरेच जण सोने तारण ठेवतात. दागिना हातचा जात नाही, याचा दिलासा असतो. पण तारण कर्ज हे महिनाभराची नड भागवण्यासाठी ठीक. प्रतीक्षा किती लांबेल ते ठाऊक नसताना व्याज साचत जाते, मुदत उलटते आणि लिलावाची नोटीस येते. दागिनाही जातो आणि भरलेले व्याजही. लांबणाऱ्या आजारपणात गरजेपुरते थोडे सोने मोडणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. हा निर्णय घरातल्या बाईला विचारून व्हावा, कारण ते सोने तिचे असते.

प्रतीक्षा इतकी अनिश्चित का असते? पैसे असले तरी अवयव विकत मिळत नाही, मिळूही नये. मराठवाड्याने हे 2012 मध्ये फार जवळून पाहिले. विलासराव देशमुख तेव्हा केंद्रीय मंत्री होते. यकृत आणि किडन्या निकामी झाल्याने त्यांना मुंबईहून विमानाने चेन्नईला हलवले गेले. प्रत्यारोपणाची तयारी झाली होती, मेंदूमृत दात्याचा शोधही लागला होता, पण अवयव काढण्याआधीच त्या दात्याचे हृदय बंद पडले. 14 ऑगस्ट 2012 रोजी विलासराव गेले. दोन वेळा राज्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाला जे मिळू शकले नाही, त्याची वाट शहागंजातला शिलाई कामगार बघत असतो.

मराठवाड्यात मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळण्याची सोयच मुळी अलीकडची आहे. जानेवारी 2016 मध्ये संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) असे पहिले अवयवदान झाले आणि दात्याचे हृदय विमानाने मुंबईला गेले. आज मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर अशी राज्यात चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. लोक त्यांना झेडटीसीसी म्हणतात. रुग्णाचे नाव रुग्णालयामार्फत तिथल्या यादीत जाते. रक्तगट, किती महिने डायलिसिस चालू आहे, वय, अशा बाबींचे गुण धरून क्रम लागतो. मृत दाते मात्र फारच थोडे. 2023 मध्ये देशभरात अठरा हजारांहून जास्त प्रत्यारोपणे झाली, त्यांत मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते जेमतेम अकराशे. उरलेला सगळा भार जिवंत दात्यांवर, म्हणजे बहुतेक वेळा घरच्याच माणसांवर पडला.

यादीतल्या रुग्णाला फोन येतो तो अवेळी येऊ शकतो. उपाशी राहायचे, काही तासांत पोचायचे, दात्याशी जुळते का हे बघणाऱ्या क्रॉसमॅच चाचणीसाठी रक्त द्यायचे. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावलेले असते. जुळले नाही तर परत घरी, आणि गाडीभाडे पाण्यात. जुळले तर रुग्णालय अनामत रक्कम मागते. इथे बाजारपेठेतल्या माणसाची मोठी अडचण होते. त्याचा पैसा रोखीत असतो: थोडा गल्ल्यात, थोडा भिशीवाल्याकडे, थोडा मेहुण्याकडे. प्राप्तिकर कायद्यानुसार दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, रुग्णालयालाही नाही. रात्री अडीच वाजता पिशवीभर नोटा घेऊन उभे राहून काम भागत नाही. 2023 मध्ये याच शहरात एका मोठ्या पतसंस्थेचा घोटाळा उघडकीला आला आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. जास्त व्याजाच्या ओढीने ठेवलेला पैसा ऐनवेळी मिळत नाही, याचा अनुभव शहराने घेतला आहे.

म्हणून दोन खाती वेगळी असावीत. एक चालू महिन्याचे: डायलिसिस, औषधे, रिक्षा, किराणा, मुलांची फी. दुसरे फक्त फोनच्या दिवसाचे, त्याला एरवी हात लावायचा नाही. पहिल्या खात्यात जवळच्या चार-पाच घरांनी दरमहा ठरलेली रक्कम टाकावी. कोणी रक्कम देऊ शकत नसेल तर एक खर्च उचलावा. भाच्याने आठवड्याचे रिक्षाभाडे बघावे, धाकट्या भावाने पोरांची फी भरावी, शेजारच्या दुकानदाराने डायलिसिसच्या दिवशी गल्ल्यावर बसावे. गल्ल्यावर कोणी बसले तर दुकान उघडे राहते आणि गिऱ्हाईक तुटत नाही. उसन्या पैशांपेक्षा ही मदत कितीतरी मोलाची, कारण ती फेडायची चिंता आजाऱ्याच्या उशाशी राहत नाही.

पैसे देताना एक गोष्ट स्पष्ट बोलावी: हे उसने की मदत? मराठी घरांत हे विचारायला संकोच वाटतो आणि तोच संकोच पुढे भाऊबंदकीचे कारण होतो. उसने असतील तर बँकेतून द्यावेत. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचे उसने रोखीत घेणे कायद्याला मान्य नाही. मदत असेल तर एक बारकावा लक्षात ठेवावा. आई-वडील, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेल्या रकमेवर, ती कितीही असो, घेणाऱ्याला कर नाही. चुलतभाऊ किंवा मामेबहीण मात्र प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येत ‘नातेवाईक’ ठरत नाहीत. वर्षभरात अशांकडून मिळालेली एकूण रक्कम पन्नास हजारांवर गेली तर ती उत्पन्नात धरली जाते. अशा मंडळींनी शक्यतो रुग्णाच्या नावावर परस्पर रुग्णालयाच्या खात्यात पैसे भरावेत आणि पावती घ्यावी.

अवयव देण्याच्या कायद्यातली नात्यांची व्याख्या तर याहून अरुंद आहे. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आणि 2011 च्या दुरुस्तीत ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे. एवढेच. काका, मामा, चुलत किंवा मावस भावंडांना किडनी द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. ती समिती दाता आणि रुग्ण दोघांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे बघते आणि दोघांच्या ऐपतीत फार तफावत आहे का, पैशाचा व्यवहार झाला आहे का, हे तपासते. तपासायलाच हवे. अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे, आणि तरीही कर्जात बुडालेल्यांना गाठून किडनी काढून घेणाऱ्या टोळ्या याच महाराष्ट्रात पकडल्या गेल्या आहेत. ज्या चुलतभावाकडून किडनी घेण्याची बोलणी चालू आहेत, त्याच्याशी आजारपणाच्या काळात मोठे, कागद नसलेले देणे-घेणे करू नये. हेतू कितीही स्वच्छ असला तरी समितीपुढे त्याचा खुलासा करणे जड जाते.

पण या कायद्यातच एक दिलासा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. दात्याला अवयवाची किंमत देणे गुन्हा आहे, मात्र अवयव देण्यामुळे थेट झालेला वाजवी खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणे हे ‘किंमत’ या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे किडनी देणाऱ्या बहिणीचा प्रवास, तपासण्या आणि तिचे बुडालेले रोज कुटुंबाने हिशेब ठेवून दिले तर तो गुन्हा नाही. इस्राएलने 2008 मध्ये कायदा करून दात्याला चाळीस दिवसांच्या कमाईची भरपाई सरकारकडून देण्याची सोय केली. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला तर 2023 च्या आदेशानुसार त्याला 42 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. दुकानातल्या नोकराला, घरकाम करणाऱ्या बाईला ती रजा कोण देणार? ती नातेवाइकांनीच उभी करायची.

बाईचा उल्लेख मुद्दाम केला. राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेने 2023 मध्ये पुढे आणलेल्या आकडेवारीत 1995 ते 2021 या काळातल्या दर पाच जिवंत दात्यांमध्ये चार स्त्रिया होत्या, आणि अवयव मिळालेल्या दर पाचांमध्ये चार पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते. ‘तिचा काही पगार बुडत नाही’ असे म्हणून तिच्या विश्रांतीचा खर्च धरलाच जात नाही. ऑपरेशननंतर काही आठवडे तिने घागर उचलायची नाही, पिठाचा डबा उचलायचा नाही. त्या काळात स्वयंपाकाला बाई लावण्याचे पैसे प्रत्यारोपणाच्या खर्चात धरलेच पाहिजेत.

आता सरकारी आणि धर्मादाय पैशाबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा पूर्वी अडीच लाख होती, ती जुलै 2023 च्या शासन निर्णयाने साडेचार लाख झाली. 2025 मध्ये सरकारने यकृत, हृदय, फुफ्फुस अशा महागड्या प्रत्यारोपणांसाठी वेगळ्या निधीचा निर्णय घेतला. रुग्णालय योजनेत आहे एवढे ऐकून थांबू नये. प्रत्यारोपणासाठी ते अंगीकृत आहे का, आणि या वर्षाची किती मर्यादा शिल्लक आहे, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, नेमके विचारावे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, हप्ता कापला जात असेल तर किडनी निकामी होणे दीर्घ आजारांच्या यादीत येते, आणि पात्रतेच्या अटी पूर्ण होत असतील तर दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ऐंशी टक्के रक्कम मिळू शकते. अनेक कामगार हे माहीत नसल्याने राजीनामा देऊन मोकळे होतात. राजीनामा घाईने देऊ नये.

धर्मादाय रुग्णालयांचा नियम तर वीस वर्षांचा होत आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू झालेल्या योजनेत अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, शिवाय बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. ही सवलत कोणी आपणहून सांगत नाही, ती मागावी लागते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन आधी तिथेच विचारावे. दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय आहे.

मुख्यमंत्री सहायता निधीतून प्रत्यारोपणाला मदत मिळते, सिद्धिविनायक न्यासासारखी देवस्थाने देतात, पंतप्रधानांच्या राष्ट्रीय मदत निधीतूनही किडनी प्रत्यारोपणाला पैसे मिळतात. एकेक रक्कम छोटी असते, पण चार ठिकाणची मिळून अनामत भरण्याइतकी होते. या कामाला एक माणूस लागतो. प्रत्येक खानदानात एखादा तरी असतो, ज्याला तहसीलचे खेटे घालता येतात, झेरॉक्स जपून ठेवता येतात, साहेबाशी नीट बोलता येते. त्याने फाईल हातात घ्यावी: रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाने सहीशिक्क्यानिशी दिलेला खर्चाचा अंदाज, झेडटीसीसीच्या नोंदणीची पावती, डायलिसिसच्या नोंदी, बँकेचे पासबुक. दाखला जुना झाला की नवा काढावा. पैसे नसलेल्या भाच्याला मदत करायची असेल तर हे काम त्याचे. मामाच्या दहा हजारांपेक्षा ते तसूभरही कमी नाही.

समाजमाध्यमांवरच्या आवाहनाबद्दल थोडेसे. मिलाप, केटो अशा संस्थांमार्फत निधी उभारताना त्यांचे शुल्क किती आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात का, हे आधी विचारावे. व्हॉट्सअपवर कोणाच्या तरी वैयक्तिक क्यूआर कोडसह फिरणाऱ्या मजकुरावर डोळे झाकून पैसे पाठवू नयेत. रुग्णाचा फोटो टाकायचा की नाही, हे रुग्णालाच विचारावे.

प्रत्यारोपण झाले म्हणजे खर्च संपला, असे अनेक घरांना वाटते आणि तिथेच मदतीचा ओघ आटतो. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. पैशांअभावी गोळ्या थांबल्या तर मिळालेली किडनी हातची जाते आणि माणूस पुन्हा डायलिसिसवर येतो. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना या औषधांसाठी महिन्याला दहा हजारांपर्यंत मदत देण्याची तरतूद राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात आहे. इतरांना स्वतःच बघावे लागते. चार-पाच घरांनी सुरू केलेला मासिक हिस्सा ऑपरेशननंतर निदान वर्षभर तरी चालू ठेवावा. माणूस कामावर परतून घर सावरायला तेवढा वेळ लागतोच.

ज्यांच्या घरात आज कोणी यादीत आहे त्यांनी अर्जांचे काम फोन येईपर्यंत लांबवू नये. शस्त्रक्रिया होऊन बिल भरल्यानंतर मुख्यमंत्री सहायता निधीतून त्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि खर्चाचा अंदाज या आठवड्यातच काढून ठेवा.